एअर रायफलच्या छर्ऱ्यांतून एकसारखा निकाल: फोंड्याच्या एका पालकांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातील फोंड्याच्या एका गृहस्थांची मुलगी 10 मीटर एअर रायफलचा सराव घरच्या लांब पडवीत करते. उन्हाळ्यात तिचे ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावर छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडतात ते, घट्ट येत होते, पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र त्याच रायफलने, त्याच कंपनीच्या छर्ऱ्यांनी एके दिवशी दहाच्या आसपास सगळे छर्रे पडतात आणि दुसऱ्या दिवशी आठपर्यंत विखुरतात. परदेशात असलेले त्यांचे एक नातेवाईक रिकाम्या पुंगळ्यांत दारू मोजून भरून घरीच काडतुसे तयार करतात आणि प्रत्येक वस्तू तोलून घेतल्याशिवाय एकसारखा निकाल येत नाही असे सांगतात. तेव्हा आपणही छर्रे एकेक करून तोलावेत का, आणि पुढे मुलगी काडतुसाच्या रायफलकडे वळली तर घरी काडतुसे भरणे शिकावे का, असे त्यांनी विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे घरी काडतुसे भरण्याचा विचार सोडून द्यावा. शिवाय आपल्या मुलीला त्याची गरजही पडणार नाही. 50 मीटर रायफलसाठी जे .22 चे काडतूस वापरतात, त्याचा पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेच्या घडीत भरलेला असतो आणि एकदा पिन आपटली की ती कड चेपली जाते, म्हणून हे काडतूस व्यवहारात पुन्हा भरताच येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून नेमबाजी) कांस्यपदक मिळवले, तो प्रकारही याच तयार काडतुसांचा. या प्रकारातील नेमबाज आपल्या रायफलला मानवणारा लॉट, म्हणजे एकाच खेपेत तयार झालेला माल, शोधतात आणि तो पुरेसा घेऊन ठेवतात. छर्ऱ्यांच्या बाबतीतही नेमके हेच करायचे असते. 4.5 मिलिमीटर नळीची आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल शस्त्र नियम 2016 नुसार परवान्यातून मुक्त आहे आणि स्पर्धेच्या रायफलची ऊर्जा साधारण साडेसात ज्यूलच असते. तरीही खरेदीची पावती आणि ओळखपत्राची प्रत रायफलच्या पेटीत कायम ठेवावी.

आता तोलण्याविषयी. आपल्या नातेवाइकांचा आग्रह त्यांच्या क्षेत्रात योग्य आहे, कारण तिथे अंतर शेकडो मीटर असते आणि दारूतील थोडासा फरक तिथे मोठा होऊन दिसतो. दहा मीटरवर हिशेब वेगळा पडतो आणि तो कागदावर मांडून पाहावा असा आहे. स्पर्धेच्या रायफलमधून 0.53 ग्रॅमचा छर्रा साधारण 170 ते 175 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला सुमारे 0.06 सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो गुरुत्वाने जेमतेम 17 मिलिमीटर खाली येतो. समजा एक छर्रा दुसऱ्यापेक्षा 0.005 ग्रॅमने, म्हणजे जवळजवळ एक टक्क्याने जड आहे. हवेने दिलेली ऊर्जा तेवढीच राहते असे धरले तर त्याचा वेग सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी होईल आणि तो सुमारे 0.16 मिलिमीटर खाली लागेल. दशांश गुणांकनात, म्हणजे जिथे गुण 0.1 च्या टप्प्यांनी मोजतात तिथे, 0.1 गुणाला केंद्रापासून 0.25 मिलिमीटर अंतर लागते, म्हणजे या फरकाने 0.1 गुणही पुरता हलत नाही. ज्या साध्या काट्यावर दोनच दशांश स्थळे दिसतात त्याला तर हा फरक कळणारही नाही. तेव्हा तोलण्यात रात्री घालवू नयेत. एखादा छर्रा आतून पोकळ किंवा अर्धवट ओतलेला आहे का हे पाहण्यापुरताच काटा उपयोगी आहे, आणि चांगल्या डब्यात असा छर्रा क्वचितच सापडतो.

वेगाचे तसे नाही. प्रत्येक गोळीगणिक वेग 3 मीटर प्रतिसेकंदाने वरखाली होत असेल तर वरच्याच हिशेबाने उभ्या दिशेत 0.6 मिलिमीटरचा पसारा येतो, म्हणजे जवळजवळ पाव गुण. हा फरक छर्ऱ्याच्या वजनापेक्षा रायफलच्या हवेच्या व्यवस्थेतून येण्याचा संभव जास्त असतो, त्याकडे पुढे येतो.

त्याआधी एक मूलभूत गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती न कळल्यामुळे पालकांचे पैसे आणि मुलांचा धीर दोन्ही खर्च होतात. नेमबाजाच्या हातामुळे होणारा पसारा आणि छर्ऱ्यामुळे होणारा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून, मिळवून, त्याचे वर्गमूळ घ्यावे लागते. मुलीच्या हाताचा पसारा 2.5 मिलिमीटर असेल आणि छर्ऱ्याचा 0.5, तर एकूण पसारा सुमारे 2.55 होतो. म्हणजे उत्तम छर्ऱ्यांच्या जागी सर्वोत्तम छर्रे आणूनही तिच्या गुणपत्रिकेवर काही उमटणार नाही. पण रायफलला न मानवणारा लॉट असेल आणि त्याचा पसारा 2 मिलिमीटर असेल, तर एकूण पसारा 3.2 वर जातो आणि तो मात्र प्रत्येक मालिकेत दिसतो. म्हणून वाईट छर्रा ओळखून बाहेर काढणे हे खरे काम आहे. चांगल्या छर्ऱ्यांत आणखी चांगला शोधत बसणे हे राष्ट्रीय पातळीवर पोहोचल्यानंतरचे काम.

वाईट ओळखायचा कसा? डब्यावर कंपनीचे नाव आणि वजन एकच असले तरी लॉट वेगळा असला की छर्रे वेगळे असतात, हे पहिले लक्षात घ्यावे. डब्याच्या मागे किंवा चिकटपट्टीवर लॉटचा क्रमांक असतो आणि त्यासोबत छर्ऱ्याच्या डोक्याचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, माप लिहिलेले असते, बहुधा 4.48 पासून 4.52 मिलिमीटरपर्यंत. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी या तिन्ही कंपन्यांचे सामन्यांचे छर्रे उत्तम प्रतीचे असतात, पण त्यांपैकी कोणता आपल्या नळीला मानवेल हे कंपनीच्या नावावरून कोणीही सांगू शकत नाही, दुकानदारही नाही आणि मीही नाही. ते चाचणीनेच कळते.

चाचणीसाठी रायफल घट्ट पकडणारा शिकंजा हवा. सुताराकडचा शिकंजा जड टेबलावर पक्का बसवून, जबड्यांना जाड चामडे किंवा नमदा लावून काम भागते. नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला कधीही पकडू नये. नळी जिथे बसवलेली असते तो मुख्य धातूचा भागच पकडावा, आणि रायफलच्या पुस्तिकेत त्याविषयी काही मनाई असेल तर ती पाळावी. टेबल फरशीवर ठेवावे, माळ्याच्या लाकडी तक्तपोशीवर नाही, कारण शेजारून कोणी चालत गेले तरी ती हलते. शिकंजा शक्य नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून चाचणी घेता येते, फक्त त्यात माणसाचा थोडा दोष मिसळलेला राहील हे धरून चालावे.

आता किती गोळ्या झाडायच्या हा प्रश्न येतो, आणि इथे बहुतेक सर्वजण घाई करतात. पाच गोळ्यांचा एक ग्रुप पाहून लॉट निवडणे म्हणजे नाणे उडवून निर्णय घेण्यासारखे आहे. पाच गोळ्यांच्या ग्रुपची रुंदी, रायफल आणि छर्रे अगदी तेच असतानाही, केवळ योगायोगाने सरासरीच्या पाव भागाइतकी सहज वरखाली होते. केंद्रापासून केंद्रापर्यंत सरासरी 3 मिलिमीटर रुंदी देणारा लॉट एकदा 2.2 दाखवेल आणि पुढच्याच कागदावर 3.8 दाखवेल. तेव्हा प्रत्येक लॉटचे दहा गोळ्यांचे किमान चार ग्रुप घ्यावेत आणि त्यांची सरासरी काढावी, म्हणजे ही अनिश्चितता सुमारे दहा टक्क्यांवर येते. दहा गोळ्यांचा ग्रुप पाच गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा साधारण चौथाई भागाने मोठा येतोच, त्यामुळे या दोहोंची आपसात तुलना करू नये. रुंदी मोजताना बाहेरच्या कडांमधील अंतर घेऊन त्यातून छर्ऱ्याचे 4.5 मिलिमीटर वजा करावेत. शिकंज्यातून दहा गोळ्यांचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत 7 मिलिमीटरच्या आत सातत्याने येत असेल तर तो लॉट या मुलीसाठी पुरेसा आहे, पुढे शोधू नये.

लॉट बदलत बदलत चाचणी घ्यावी, म्हणजे पहिल्याचा एक ग्रुप, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक आणि मग पुन्हा पहिल्याचा. एका लॉटचे चारही ग्रुप सकाळी आणि दुसऱ्याचे चारही दुपारी घेतले तर आपण छर्रे तपासले की दिवस तपासला हे कळत नाही. लॉट बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या मोजणीत धरू नयेत, कारण नळीत आधीच्या शिशाचा पातळ थर असतो आणि नव्या छर्ऱ्यांना तो आपल्यासारखा करून घ्यायला थोडा अवधी लागतो. याच कारणाने नळी सारखी साफ करण्याची सवयही बरी नाही. नमद्याच्या गोळ्यांनी पुसायची असेल तर ती स्पर्धेच्या आदल्या रात्री कदापि पुसू नये.

लॉट ठरल्यानंतर डब्यातील एकेका छर्ऱ्याकडे पाहण्याला अर्थ येतो. शिसे फार मऊ असते आणि छर्ऱ्याची मागची कड, जिला नेमबाज स्कर्ट म्हणतात, कागदासारखी पातळ असते. डबा दुचाकीच्या डिकीत टाकून फोंड्याहून पणजीपर्यंत नेला तर आतले छर्रे एकमेकांवर आपटून डब्याच्या तळाशी करड्या रंगाची बारीक भुकटी जमते. ती भुकटी म्हणजे त्या कडांचेच झिजलेले शिसे होय. म्हणून डब्यात झाकणाखाली स्पंजची चकती घालून तो खुळखुळणार नाही असा बंद करावा. वापरायच्या आदल्या दिवशी साठ-सत्तर छर्रे मऊ टॉवेलवर ओतावेत, ट्यूबलाइटच्या उजेडात मागची बाजू वर करून एकेक पाहावा, आणि ज्याची कड चेपलेली किंवा कातरलेली दिसेल तो बाजूला काढावा. त्यानंतर काचेची तावदानी पट्टी किंचित तिरपी ठेवून तिच्यावरून छर्रे एकामागून एक घरंगळू द्यावेत. डोके लहान आणि स्कर्ट मोठा असल्यामुळे छर्रा सरळ न जाता कमानीत वळतो. सारख्या मापाचे छर्रे पट्टीच्या खालच्या कडेला जवळजवळ एकाच जागी येऊन पडतात. जो लवकर वळतो, जो डुगडुगत जातो किंवा मध्येच अडखळतो, त्याची कड गोल राहिलेली नाही. सोनाराच्या काट्याला जे दिसत नाही ते ही काचपट्टी काही मिनिटांत दाखवते. बाजूला काढलेले छर्रे फेकू नयेत, ते उभे राहण्याच्या आणि ट्रिगरच्या सरावासाठी वापरावेत.

आता हवेकडे वळू. सिलिंडर 200 बारपर्यंत भरलेला असो की 120 बारपर्यंत, आतला रेग्युलेटर दर गोळीला सारखाच दाब पुढे देतो. पण दाब पुस्तिकेत दिलेल्या किमान मर्यादेखाली गेला की वेग उतरू लागतो आणि छर्रे खाली लागू लागतात. मुलीला ते आपल्या नेमाचे अपयश वाटते आणि ती डायऑप्टर, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, फिरवू लागते. म्हणून मापकाचा काटा प्रत्येक सत्राच्या आधी आणि नंतर वहीत लिहावा. भरताना हवा हळूहळू सोडावी, कारण घाईने भरलेली हवा तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. भरल्यानंतर थोडा वेळ थांबून मगच नेमबाजी सुरू करावी. पावसाळ्यात हातपंपाने भरणे आपल्या हवामानात शक्यतो टाळावे, कारण दाबली गेलेली दमट हवा आत पाणी सोडते आणि ते रेग्युलेटरपर्यंत पोहोचते. गोव्यात एक सोय अशी आहे की समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी कोरडी, गाळलेली हवा भरून देणारी केंद्रे किनारपट्टीवर आहेत आणि योग्य जोडणी असल्यास त्यांच्याकडील मोठ्या सिलिंडरमधून रायफलचा सिलिंडर भरता येतो. मात्र साधी हवाच मागावी. ऑक्सिजन वाढवलेले मिश्रण काही पाणबुडे वापरतात, ते रायफलमध्ये कधीही भरू नये. उच्च दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. सिलिंडरवर छापलेली मुदतही पाहावी, आणि ती संपली असेल तर तो कितीही चकचकीत दिसत असला तरी वापरातून काढावा.

पावसाळ्यात ग्रुपिंग का बिघडते या मूळ तक्रारीकडे आता येतो. दमट हवेने छर्ऱ्याचा मार्ग बदलतो असे अनेकांना वाटते; दहा मीटरवर तो परिणाम मोजता येण्याइतकाही नसतो. जून ते सप्टेंबर गोव्यात जे बदलते ते रायफलच्या आजूबाजूला बदलते. कपाटातल्या चपलांवर बुरशी येते त्या हवेत नेमबाजीचे जाकीटही कोरडे राहत नाही; कॅन्व्हास आणि चामडे ओल धरून मऊ पडतात आणि उन्हाळ्यात ज्या ताठपणावर मुलीची कंबर आणि डावा हात टेकलेले असतात, तो ताठपणा कमी होतो. आपल्या वर्णनावरून मला मुख्य संशय याच गोष्टीचा आहे. जाकीट सत्रानंतर लगेच पेटीत घालू नये, पंख्याखाली टांगून पूर्ण सुकवावे, आणि कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात.

दुसरा संशय उजेडाचा. पडवी उघडी असेल तर ढग आला-गेला की लक्ष्यावरचा उजेड बदलतो आणि डायऑप्टरमधून काळे वर्तुळ निराळे दिसू लागते, त्यामुळे नेम तोच वाटत असूनही छर्रा सरकतो. स्पर्धेत लक्ष्यावर किमान 1500 लक्स उजेड असतो. घरी पडदा ओढून लक्ष्यावर दोन्ही बाजूंनी स्थिर दिवे लावावेत आणि पडवीच्या बाहेरच्या उजेडावर अवलंबून राहू नये. तिसरी गोष्ट कागदाची. दमट कार्ड वाकते आणि छर्ऱ्याचे भोक स्वच्छ न पडता फाटते, त्यामुळे मोजणी चुकते आणि चांगला ग्रुपही वाईट ठरतो. कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. छर्ऱ्यांवर पांढुरकी पूड दिसू लागली असेल तर शिसे हवेने खाल्ले आहे असे समजावे आणि ते छर्रे स्पर्धेसाठी धरू नयेत. मिरामार किंवा कोलव्यासारख्या किनाऱ्याजवळच्या घरांत ही काळजी अधिक घ्यावी लागते.

जाकीट मऊ पडले की रायफल मऊ पडली हे ओळखण्यासाठी वर सांगितलेला शिकंजा पुन्हा कामाला येतो. ग्रुपिंग बिघडलेल्या दिवशीच रायफल शिकंज्यात धरून त्याच डब्यातले दहा-दहा छर्रे दोनदा झाडावेत. ग्रुप नेहमीसारखा घट्ट आला तर छर्रे, हवा आणि नळी निर्दोष आहेत आणि कारण उभे राहण्यात, जाकिटात किंवा उजेडात शोधावे. शिकंज्यातही पसारा आला तर आधी सिलिंडरचा दाब, मग स्क्रू सैल आहेत का, मग छर्रे, या क्रमाने एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावे. एकाच संध्याकाळी छर्रे बदलले, चीकपीस (गाल टेकवायचा भाग) वर घेतला आणि दिवाही हलवला, तर सुधारणा झाली तरी ती कशाने झाली हे कोणालाही सांगता येणार नाही, आणि पुढच्या बिघाडाला आपण पुन्हा कोरी पाटी घेऊन बसू.

यासाठी वहीत फार काही लिहावे लागत नाही: तारीख, लॉट, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, उजेडाविषयी एक शब्द, आणि प्रत्येक मालिकेचे गुण. डायऑप्टरचे किती क्लिक कोणत्या बाजूला दिले हेही नोंदवावे. ही वही मुलीनेच लिहावी. पालकांनी लिहिली की ती हजेरीपट बनते.

घरच्या रेंजविषयी दोन वाक्ये लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. लक्ष्यामागे तिरप्या पोलादी पत्र्याचा सापळा असावा, पडवीत उघडणारे प्रत्येक दार सत्रापुरते आतून बंद असावे आणि डोळ्यांना चष्मा असावा. शिसे हाताळल्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, सापळ्यातील शिसे केरसुणीने झाडून धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावे, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर ही जागा त्यांच्यापासून वेगळी ठेवावी.

लॉट निवडला की किती घ्यावा हे शेवटचे. पात्रता फेरीत 60 गोळ्या असतात; सायटरसह, म्हणजे मोजणीआधी नेम जुळवायला झाडलेल्या गोळ्यांसह, रोज 80 धरल्या आणि आठवड्यातून पाच दिवस सराव केला तर आठवड्याला 400 छर्रे लागतात, म्हणजे 500 च्या डब्यांत सहा महिन्यांना सुमारे 21 डबे. एवढी रक्कम एकदम घालणे अनेक घरांना जड जाते, म्हणून चाचणीत पास झालेल्या लॉटचे सहा-सात डबे स्पर्धेसाठी आणि स्पर्धेआधीच्या महिन्यासाठी राखून ठेवावेत आणि रोजच्या सरावाला त्याच वजनाचा आणि त्याच मापाचा स्वस्त छर्रा वापरावा. नवा लॉट आणताना जुन्याचे दोन डबे शिल्लक असताना आणावा, म्हणजे शिकंज्यात दोन्ही शेजारी शेजारी झाडून पाहता येतील. जुना लॉट संपल्यावर नव्याची चाचणी घेतली तर तुलना करायला हाताशी काहीच उरत नाही.